नक्कल करा, पण देखभालीसकट

(सिद्धेश्वर इथं झालेल्या युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



आपण सिद्धेश्वर धरणाच्या काठावर बसलोय. वरच्या अंगाला जिंतूर तालुक्यात येलदरी, खाली औंढा तालुक्यात हे सिद्धेश्वर. पूर्णा नदीवरची ही दोन्ही धरणं १९६० च्या दशकातली. येलदरीत पाणी साठतं, तिथं वीजही तयार होते, आणि सिद्धेश्वरहून कालव्यानं ते वसमत, परभणी, नांदेडकडच्या शेतांत जातं. हिंगोली शहराच्या नळाला येणारं पाणीही इथलंच.

मला विषय दिलाय तो असा: पर्यावरणाच्या चांगल्या कल्पना एका शहरातून दुसऱ्या शहरात कशा पोचतात? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, धरणाची नाही. पण आमच्या धंद्यात नक्कल रोजचीच असते. कुणी आधी केलेलं काम पुन्हा लिहीत बसायचं नाही, सरळ उचलायचं, त्यात लाज नाही. फक्त उचललेला कोड आणखी दहा गोष्टींवर टेकलेला असतो. त्या मागे राहिल्या की तो आपल्या मशीनवर चालत नाही, आणि मग लोक म्हणतात, कोडच खराब होता. शहरांचंही मला तसंच दिसतं. एक शहर दुसऱ्याचं बघून डोळ्यांना दिसतं ते उचलतं: पाइप, टाकी, बस, बोर्ड. ते चालवणारी माणसं, त्यांचा पगार, त्यांचा हिशोब मागेच राहतो.

आधी एक वाईट उदाहरण. १२ एप्रिल २०१६ ला पाण्याची रेल्वे मिरजेहून लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, पण टीव्हीवरची ती गाडी आठवत असेल. तीन वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये, चेन्नईला अशीच गाडी गेली, जोलारपेट्टईहून. म्हणजे पाण्याच्या बाबतीत आपल्या शहरांमध्ये झटपट पसरणारी कल्पना कोणती? संकट दारात आल्यावर पाणी दुसरीकडून ओढून आणायचं. आधी टँकर, मग रेल्वे.

आणि ही तीच चेन्नई, जिच्या राज्यानं, तमिळनाडूनं, २००३ मध्ये पावसाचं पाणी जिरवण्याची सोय प्रत्येक इमारतीला सक्तीची केली होती. नियम चांगला होता. आज देशातल्या अनेक शहरांच्या बांधकाम नियमांत तसं कलम आहे, महाराष्ट्रातही आहे. नकाशा मंजूर करताना छतावरून उतरणारा पाइप कागदावर दिसतो. तीन वर्षांनी त्या पाइपात अडकलेली पानं कोण काढतं, जाळी कोण धुतं, ते कुठल्याच कागदावर दिसत नाही. नियम एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो, पानं काढणारा माणूस जात नाही.

आता थोडं मागे जाऊ. पाण्याची एक कल्पना आपल्याच दख्खनेत शहरागणिक कशी फिरली ते बघू.

इराणात अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीपासून एक तंत्र आहे. तिकडं त्याला कनात म्हणतात, अफगाणिस्तान-बलुचिस्तानात कारेझ. डोंगराच्या पायथ्याशी भूजलापर्यंत एक मूळ विहीर खणायची. तिथून शहरापर्यंत जमिनीखालून बोगदा काढायचा, उतार इतका मंद की पाणी वाहील पण माती खरवडणार नाही. बोगद्यावर ठरावीक अंतरानं उभ्या विहिरी. खणताना माती त्यांतूनच वर येते, आत हवा खेळते, आणि पुढं गाळ काढायला माणूस त्यांतूनच खाली उतरतो. पंप नाही, वीज नाही. पाणी जमिनीखालून येतं, म्हणून उन्हानं उडून जात नाही.

हे तंत्र ओमानात गेलं, मोरोक्कोच्या मराकेशमध्ये गेलं, स्पेनमध्ये गेलं. माद्रिद शहर एकोणिसाव्या शतकापर्यंत अशाच भुयारी वाटांचं पाणी पीत होतं. इकडं बहमनी काळात बिदरला कारेझ झाली. बहमनी दरबारात इराणातून आलेली माणसं मोठ्या संख्येनं होती. बिदरला मदरसा बांधणारा वजीर महमूद गवान हा स्वतः इराणातल्या गिलानचा. पुढं मोगलांच्या बुऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ मध्ये, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं कुंडी भंडारा उभारला. विजापुरात आदिलशाहीनं आणि नगरला निजामशाहीनं लांबून पाणी शहरात आणलं.

मग येतो मलिक अंबर. जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात. गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान-बगदाद करत दख्खनेत आला. नगरला निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी राहिला, पुढं काही काळ विजापुरात चाकरी केली. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. आणि काही वर्षांतच तिथं नहर-ए-अंबरी आणली. बाहेरच्या डोंगराळ भागातलं भूजल भुयारातून शहरात, मग हौदांत, मग खापरी नळांनी मोहल्ल्यांत. अंबरानं हे तंत्र शोधलेलं नव्हतं. त्यानं आयुष्यात अनेक शहरं पाहिली होती, आणि जे पाहिलं ते खडकीच्या जमिनीला बसेल असं करून घेतलं.

इथं माझी एक विनंती आहे. मलिक अंबराचं नाव निघालं की आपल्या छातीत हवा भरते, व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरतं: बघा, आपल्या लोकांनी केलं. केलं, खरंच केलं. पण त्या भुयारांचं पुढं काय झालं? धरणाचं पाणी नळाला आलं, नहरीची गरज संपल्यासारखी वाटली. उभ्या विहिरींवर बांधकामं झाली, काही बुजल्या, काहींत सांडपाणी शिरलं. ही बांधकामं करणारे सगळेच परके नव्हते. आज ते शहर जायकवाडीतून पंपानं पाणी उचलतं, आणि नळाला पाणी यायला कित्येक दिवस वाट बघतं. बिदरला नौबादची कारेझही अशीच गाळानं भरून गेली होती, अलीकडच्या काळात ती साफ करायला घेतली तेव्हा आत अजून पाणी होतं. तंत्र मेलं नव्हतं, गाळ काढणारं कुणी उरलं नव्हतं.

पाणचक्कीही याच शहरातली. हर्सूलकडून आलेलं पाणी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी उंचावरून पडतं आणि जातं फिरवतं. हे काम अठराव्या शतकातलं, तुर्कताजखानाच्या नावावर सांगितलं जातं. जात्यावर दर्ग्यात येणाऱ्या-राहणाऱ्यांचं दळण निघायचं. म्हणजे पाणी नुसतं आणून सोडलेलं नव्हतं. त्याला रोजचं काम होतं, आणि ते बंद पडलं तर उपाशी कोण राहील तेही ठरलेलं होतं. ज्याचं दळण अडतं तो पाण्याची काळजी घेतो.

आता आपल्या काळात येऊ. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरानं १९७४ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्ग सुरू केला. कोलंबियाच्या बोगोटानं २००० मध्ये तो मोठ्या प्रमाणावर केला. आपल्याकडं पुण्यानं डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर, अहमदाबादनं २००९ मध्ये. दिल्लीनं २००८ मध्ये केला आणि पुढं तोडून टाकला. पुण्यात आधी रस्त्यावरची बसची पट्टी आली. बाकीची व्यवस्था मागाहून, तुकड्यातुकड्यांनी. अहमदाबादनं त्यासाठी वेगळी कंपनी केली, थांबे बसच्या दारांच्या उंचीचे बांधले, तिकीट थांब्यावरच ठेवलं. दोघांनी बघितलं एकच होतं. पट्टी नजरेत लगेच भरते. कंपनीची घटना, चालकांच्या पाळ्या, तिकिटाचा हिशोब हे सगळं मुद्दाम मागून घ्यावं लागतं.

आता नक्कल नीट जमल्याचं एक उदाहरण. मे २०१० मध्ये अहमदाबादला उष्णतेची भयंकर लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर महापालिकेनं, तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेनं आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी मिळून २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. तो वाचला तर त्यात यंत्रं फार नाहीत. हवामान खात्याचा अंदाज कुणाकडं येईल, पारा किती चढला की कोणता इशारा द्यायचा, ४५ अंशांवर लाल इशारा झाला की कुणी कुणाला फोन करायचा, दवाखान्यात काय तयार ठेवायचं, बागा दुपारी उघड्या ठेवायच्या की नाही, पाणपोया कुठं, असं सगळं आहे. थोडक्यात, कामांची वाटणी. २०१६ पासून नागपूर आणि विदर्भातली काही शहरं तशाच आराखड्यावर काम करू लागली. नागपूरचं ऊन अहमदाबादचं नाही, म्हणून इशाऱ्याचे आकडे आपापले काढावे लागतात. वाटणी मात्र उचलता येते. आणि ती कागदावर होती म्हणूनच उचलता आली.

नागपूरचंच दुसरं उदाहरण घ्या. तिथं भांडेवाडीला शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून रोज १३ कोटी लिटरच्या क्षमतेनं ते कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची योजना झाली. वीज केंद्राला थंड करायला पिण्याच्या दर्जाचं पाणी लागत नाही, मग धरणाचं पाणी तिथं का जाळायचं? आता आपल्या मराठवाड्यातली परळी बघा. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. मग नागपूरची नक्कल परळीत का नाही? उत्तर सोपं आहे. परळी शहराएवढ्या गावाचं सांडपाणी असतं किती? नागपूरचा प्रकल्प नागपूरच्या लोकसंख्येवर टेकलेला आहे. त्यातून उचलण्यासारखा आहे तो प्रश्न: या कामाला खरंच धरणाचं पाणी लागतं का? हा प्रश्न हिंगोलीत विचारता येतो, वसमतच्या हळद शिजवणाऱ्या शेतकऱ्याला विचारता येतो, आणि आपल्या मशिदीत विचारता येतो. मशिदीकडं मी येणारच आहे.

लहान गावांनी बघायचं कुठं? आपले पुढारी सिंगापूर बघून येतात. मला वाटतं हिंगोलीनं साताऱ्यातलं कराडजवळचं मलकापूर बघून यावं. हिंगोलीपेक्षा लहान गाव. तिथल्या नगरपंचायतीनं चोवीस तास पाणी दिलं. प्रत्येक नळाला मीटर लावलं, जो कमी वापरेल त्याला कमी दर, जो उधळेल त्याला चढता दर. चोवीस तास नळ म्हटलं की लोकांना वाटतं पाणी जास्त लागेल. पण नळाची वेळ ठरलेली नसते तेव्हा माणूस मिळेल ते सगळं भरून ठेवतो आणि नवं आलं की जुनं ओतून देतो. पाणी हमखास येणार म्हटल्यावर साठवायचं कशाला? हे सगळ्यांत आधी घरातल्या बायकांना कळतं. नळाची वेळ रात्री दोनची असेल तर उठतं कोण? अम्मी उठते, भाभी उठते. तेव्हा अशा योजनेच्या बैठकीत बायका नसतील, तर वापर करणारा आणि हिशोब ठेवणारा माणूसच बाहेर राहिला असं समजा.

आता आपल्याबद्दल बोलते, थोडं स्पष्ट.

येत्या काही वर्षांत आपल्या प्रत्येक नगरपालिकेत अशा योजना येणार आहेत: पाण्याची, कचऱ्याची, सांडपाण्याची, उष्णतेची. सल्लागार कंपनी येईल, दुसऱ्या शहराचा अहवाल घेऊन येईल, गावाचं नाव बदलून देईल. आपले मोहल्ले बऱ्याचदा पाइपलाइनच्या टोकाला असतात किंवा नाल्याच्या कडेला. योजना फसली तर आधी आपल्याकडचा नळ कोरडा पडतो, नाला तुंबला तर पाणी आधी आपल्या घरात शिरतं. तरीही आपण नगरपालिकेत जातो कशासाठी? कब्रस्तानच्या भिंतीसाठी, ईदच्या साफसफाईसाठी, एखाद्या दाखल्यासाठी. ती कामं करायलाच हवीत. पण पूर्ण शहराचं पाणी किती उचललं जातं आणि किती पोचतं, हे विचारायला आपल्यापैकी कुणी जात नाही. जणू शहराचा हिशोब दुसऱ्यांनी मागायचा आणि आपण फक्त आपल्या गल्लीचं मागायचं. मलिक अंबरानं नहर एका मोहल्ल्यापुरती आणली नव्हती.

कुणी म्हणेल, आमचं कोण ऐकतं? आम्ही विचारलं की आमच्या नावाकडं बघतात. तसं होतं, मला माहीत आहे. पण आकडा विचारणाऱ्याला थोडी वेगळी जागा असते. माहितीचा अधिकार २००५ चा कायदा आहे, अर्जाला शुल्क दहा रुपये. अर्जात भाषण लिहू नका, साधे प्रश्न लिहा. सिद्धेश्वरहून शहरासाठी गेल्या वर्षी किती पाणी उचललं? किती नळजोडण्या आहेत, किती मीटर चालू आहेत? पाण्याच्या देखभालीवर किती खर्च झाला? ही उत्तरं सगळ्या गावाची असतात. त्यांवर बोलायला बसलात की तुमच्या शेजारी वेगवेगळ्या आडनावांची माणसं बसलेली दिसतील.

आणि कल्पना पसरवायला आपल्याकडं काय आहे, तेही बघा. मशिदीतलं डिजिटल घड्याळ आठवा, नमाजच्या वेळा दाखवणारं, लाल आकड्यांचं. किती लवकर ते गावोगावच्या मशिदींत लागलं! त्यासाठी शासनाचा जीआर निघाला नव्हता, सल्लागार नव्हता. कुणीतरी पाहुणा म्हणून दुसऱ्या गावी गेला, तिथं नमाज पढली, घड्याळ आवडलं. बाहेर आल्यावर मुतवल्लींना विचारलं: केवढ्याला पडलं? कुठं मिळतं? आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करतं? हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा. घड्याळाबरोबर दुरुस्तीवाल्याचा फोन नंबरही गावोगाव गेला, म्हणून ती घड्याळं चालू आहेत. माझ्या सबंध भाषणाचं सार या तिसऱ्या प्रश्नात आहे.

हीच वाट पाण्यासाठी वापरू. वाहत्या नदीच्या काठी असलात तरी वुजूत पाणी उधळू नका, ही नबींची शिकवण आपण सगळ्यांनी ऐकलीय. एक मुद पाण्यात ते वुजू करत, असं हदीसमध्ये येतं. मुद म्हणजे आजच्या मापानं लिटरपेक्षाही कमी. आता तुमच्या मशिदीत एक काम करा. वुजूखान्यात एका नळाखाली बादली ठेवा आणि दहा माणसांचं वुजू मोजा. कुणाला टोकू नका, नुसतं मोजा आणि आकडा नोटीस बोर्डावर लावा. इमामसाहेबांना सांगा, जुम्याच्या बयानात दोन मिनिटं त्या आकड्याला द्या.

मग ते पाणी जातं कुठं, तेही बघा. बहुतेक ठिकाणी सरळ गटारीत जातं. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. हनफी मतानुसार ते पाक असतं, त्यानं पुन्हा वुजू करता येत नाही, एवढंच. मग झाडांना द्यायला, शोषखड्ड्यातून जमिनीत जिरवायला हरकत कसली? खर्च फार नाही. पण शोषखड्डा पहिल्याच पावसाळ्यात गाळानं बंद होतो. म्हणून खड्डा खणण्याआधी ट्रस्टच्या वहीत लिहा: गाळ कोण काढणार, कोणत्या महिन्यात, मजुरी कुठल्या खात्यातून. ते लिहून होत नसेल तर खड्डा खणू नका. फोटो निघतील, पाणी जिरणार नाही.

आणखी एक गोष्ट करता येईल. बऱ्याच मशिदी जोहर आणि असरच्या मध्ये कुलूपबंद असतात. नेमकी तीच उन्हाळ्यातली सर्वांत वाईट वेळ. मे महिन्यात त्या दोन-तीन तासांत व्हरांडा उघडा ठेवा. पंखा, माठ, आणि बाहेर मराठीत पाटी: बसा, पाणी प्या. हमाल येईल, रिक्षावाला येईल, भाजीवाली येईल. नाव-धर्म विचारू नका. उष्णतेच्या आराखड्यात जी थंड जागा लागते, ती आपल्याकडं बांधून तयार आहे. चावी कुणाकडं राहील तेवढं ठरवा.

तुमच्यापैकी बरेच जण उद्या पुण्याला जातील, मुंबईला, हैदराबादला, काही दुबई-मस्कतला. घरी पैसे पाठवाल, चांगलंच आहे. त्याबरोबर तिथलं शहर कसं चालतं तेही बघून पाठवा. ओमानात गेलात तर तिथली फलज बघा, आपल्या कारेझची बहीणच ती. पण नुसता व्हिडिओ पाठवू नका. तिथल्या माणसाला विचारा: याची साफसफाई कोण करतं, पैसे कुठून येतात, बंद पडलं तर कुणाचं अडतं? ते लिहून आणा.

आता कामाचं. पुढच्या रविवारपर्यंत प्रत्येक गावच्या गटानं एका मशिदीचा वुजूचा आकडा काढायचा. हिंगोलीचा गट नगरपालिकेतला अर्ज टाकेल, मसुदा आज जेवणानंतर आपण इथंच बसून लिहू. ज्यांना लिहायला आवडतं त्यांनी समोर येऊन बसा. मुलींनी मागच्या रांगेत राहू नका, पाण्याचा खरा हिशोब तुमच्याकडं आहे.